समोरच्याची खेळी

यशोधन कारखानीसने डाव सोडला तेव्हा त्याच्या घड्याळात भरपूर वेळ शिल्लक होता, आणि पटावर दोघांची मोहरीही जवळजवळ सारखीच होती. केतकी वाघमोडेने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. यशोधनने तो घेतला नाही.

"ही खेळी तुझी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"राजा कोपऱ्यात सरकवलास ना, ती. ती माझी आहे. मला केव्हाच दिसली होती. पटावर सगळीकडे आग लागलेली असताना राजा एक घर मागे घेणं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. मी मनाशी म्हटलं, हिला हे दिसलं नाही तर मी सुटलो. आणि मी असं म्हणतोय तोच तू हात उचललास."

केतकीला हसू आलं. हरलेले खेळाडू काहीही बोलतात. पण यशोधन हसत नव्हता. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं, आणि तो तिच्याकडे एखाद्या चोराकडे बघावं तसं बघत नव्हता. अंधाऱ्या खोलीत आपल्याशिवाय आणखी कुणी आहे असं वाटल्यावर माणूस जसा बघेल, तसा बघत होता. पुण्यातल्या शिबिरात त्यानेच तिला कितीतरी गोष्टी शिकवल्या होत्या. तेव्हापासून ती त्याला यशोधनदादा म्हणत असे.

तो उठला आणि थेट पंचांच्या टेबलाकडे गेला.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या काठावरच्या एका हॉटेलात ही स्पर्धा चालू होती. जिंकणाऱ्याला जगज्जेत्याला आव्हान द्यायला मिळणार होतं. जानेवारीचे दिवस. सकाळी धरणाच्या पाण्यावरून धुकं हलायचं नाही. खेळाच्या दालनाच्या भिंतींमध्ये तांब्याची जाळी बसवलेली होती, त्यामुळे आत कुठलीही लहर येऊ शकत नव्हती की बाहेर जाऊ शकत नव्हती. खेळाडूंच्या दातांमधल्या चांदीपर्यंत तपासणी व्हायची. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत बुद्धिबळाची पार नासाडी झाली होती. कुणी दाढेत यंत्र बसवलं, कुणी टाचेत. कुणी बसवलं नसलं तरी बसवलं असेल असं सगळ्यांना वाटायचं. जो जिंकेल तो संशयित. इंटरनेटवरच्या स्पर्धा तर बंदच पडल्या होत्या.

मग 'साक्षी' आली. कपाळाला बांधायची एक मऊ कापडी पट्टी, आत केसासारख्या बारीक तारा. माणूस स्वतः विचार करून खेळी शोधतो तेव्हा मेंदूत एक ठरावीक गडबड उडते. पुढचा आणि वरचा भाग एकमेकांना सतत हाका मारत असतात. ही वाट बघ, नको, परत फीर, ती दुसरी बघ. याला शोधाची खूण म्हणतात. उत्तर कुणीतरी आयतं सांगितलं, तर ही धावपळ होत नाही. मेंदू फक्त ते ओळखतो, दार उघडून पाहुण्याला आत घ्यावं तसा. साक्षीला खेळी कोणती हे कळत नाही. ती शोधलेली आहे की आलेली, एवढंच कळतं. ती आल्यापासून आरोप थांबले होते, आणि तक्रारच नसल्यामुळे आलेख उघडून बघायची वेळ कुणावर आली नव्हती.

डॉ. पर्णिका शेजवलकर ही ते यंत्र बनवणाऱ्या गटातली मेंदूशास्त्रज्ञ. स्पर्धेच्या तपास समितीवर तीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केतकीला बोलावून घेतलं. टेबलावर चहा होता, पण तिने तो पुढे केला नाही.

"केतकी, सरळ विचारते. तुला खेळ्या कोण सांगतं?"

"कुणी नाही."

"सुरुवातीच्या पाठ खेळ्यांत शोधाची खूण कुणाचीच दिसत नाही, पण काल तुझ्या आलेखात ती पुढेही कुठेच नाही. म्हणून मी तुझे जुने डावही काढून बघितले. सगळीकडे तेच. तुझ्या सगळ्या चांगल्या खेळ्या बाहेरून आलेल्या आहेत."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"तेच तर मी तुला विचारतेय."

केतकीच्या संपूर्ण शरीराची तपासणी झाली. काही सापडलं नाही. सापडणार नाही हे तिला माहीत होतं, तरी नळीसारख्या यंत्रात पडून राहिल्यावर ती घाबरली. खेळ्या कशा सुचतात याचा तिने कधी विचारच केला नव्हता. त्या येत. आठवत नसलेलं नाव एकदम ओठावर यावं तशा. मिरजेला लहानपणी वडिलांनी तिला मोहरी कशी चालतात ते शिकवलं आणि थोड्याच दिवसांत ती त्यांना हरवू लागली. मात्र संगणकाशी खेळताना ती कायम मार खायची. सगळे प्रशिक्षक म्हणायचे, पोरीला यंत्राचा कंटाळा आहे, समोर माणूस लागतो.

हे तिने बोलता बोलता सांगितलं. पर्णिकाने चहाचा कप खाली ठेवला.

"समोर माणूस लागतो," तिने हळूच उच्चारून बघितलं.

त्याच दुपारी तिने यशोधनला चाचणीसाठी तयार केलं. दोघांच्या कपाळाला पट्ट्या बांधल्या आणि टेबलाच्या मधोमध उंच लाकडी पडदा उभा केला. खालच्या फटीतून पट दोघांना दिसत होता, पण एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. केतकीने विचार करायचा प्रयत्न केला. काहीच आलं नाही. तिने घोडा पुढे नेला, कारण काहीतरी हलवायलाच हवं होतं. नवशिक्यानेही केली नसती अशी चूक होती ती. पडद्यामागून यशोधनचा आवाज आला, "केतकी, मुद्दाम करतेयस का?"

ती मुद्दाम करत नव्हती. ती हरली, पुन्हा हरली. मग पर्णिकाने पडदा काढला आणि केतकी जिंकली.

त्यानंतर पर्णिकाने यशोधनला एकट्याला बाजूच्या खोलीत नेऊन एक स्थिती दाखवली. संगणकाच्या हिशेबाने इथे काळ्याला वाचवणारी एकच खेळी आहे, उंट मागे, असं तिने त्याला सांगितलं. ते खोटं होतं. उंट मागे घेतला की काळा बुडतो, पण हे दिसायला फार खोल जावं लागे. यशोधनने तिच्यावर विश्वास ठेवला. मग त्याला परत टेबलावर बसवून तीच स्थिती समोर केतकीला काळ्याच्या बाजूने दिली. तिने यशोधनकडे नीट पाहिलंही नाही, आणि लगेच उंट मागे घेतला.

"ही खेळी चूक आहे," पर्णिका म्हणाली. "ती फक्त याच्या डोक्यात होती. मी घातलेली."

केतकीने उंटावरचा हात काढून घेतला.

पर्णिकाने समजावून सांगितलं ते असं. दीडएकशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक घोडा बेरजा-वजाबाक्या करायचा. टाप आपटून बरोबर आकडा सांगायचा. शेवटी कळलं की त्याला गणित येत नव्हतं. आकडा जवळ आला की बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा, हनुवटी किंचित वर जायची, आणि घोडा थांबायचा. चांगल्या खेळाडूला आपल्याविरुद्धची सगळ्यात घातक खेळी आधी दिसते. त्याची नजर त्या घराला नुसती शिवून येते. बुबुळ मोठं होतं. गळ्याची शीर उडते. तो हे लपवू शकत नाही, कारण ते त्यालाही माहीत नसतं. केतकीचा मेंदू हे सगळं वाचत होता आणि तिला फक्त उत्तर कळवत होता.

"म्हणजे मी कधी बुद्धिबळ खेळलेच नाही," केतकी म्हणाली.

यशोधनने कपाळावरची पट्टी सोडली. "मी तक्रार मागे घेतो," तो म्हणाला. "तू फसवलेलं नाहीस. पण तुझ्यासमोर मी परत बसणार नाही. राग मानू नकोस."

तो राग नव्हता हे तिला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याला तिची किळस आली होती, आणि त्या किळसेची त्याला लाज वाटत होती. आता कळायला लागलं होतं ते कळायचं थांबेना.

बातमी बाहेर फुटायला वेळ लागला नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघू नये असा नियम बुद्धिबळात कधीच नव्हता, म्हणून समितीने तिला दोषी ठरवलं नाही. निर्दोष ठरवायचीही कुणाची हिंमत झाली नाही. पुढच्या फेरीला केतकी दालनात शिरली आणि दारातच थांबली. सगळ्या टेबलांवर माणसं काळे चष्मे लावून, नाकावरून फडकी ओढून, गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती. कुणाचा चेहरा दिसत नव्हता. सगळी काळी भिंगं तिच्याकडे वळली. तिने स्पर्धा तिथेच सोडली.

त्या दिवसापासून मोठ्या स्पर्धा बंद खोक्यांत होऊ लागल्या. प्रत्येक खेळाडू वेगळ्या केबिनमध्ये, समोर फक्त पट. पर्णिकाने काही महिन्यांनी फोनवर एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. केबिन आल्यापासून सगळ्यांचाच खेळ घसरला होता. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा, यशोधनचाही, सगळ्यांचाच.

"सगळेच थोडंथोडं घेत होते, केतकी. हजार-दीड हजार वर्षं. डाव दोन डोक्यांच्या मध्ये कुठेतरी चालायचा. तू फक्त सगळंच घेत होतीस."

केतकी स्पर्धा सोडून थेट मिरजेला घरी आली होती.

तिचा नवरा निनाद गुरांचा डॉक्टर होता. दिवसभर गावोगाव फिरून तो संध्याकाळी यायचा तेव्हा केतकीने त्याच्या मनातलं केलेलं असायचं. कधी भाकरी, कधी नुसती खिचडी, कधी काहीच न बोलता अंगणात दोन खुर्च्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती. निनाद मित्रांना कौतुकाने सांगायचा, "आमच्याकडे मला तोंड उघडावंच लागत नाही."

आता ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "म्हैस दगावली ना?"

निनाद पायातले बूट काढता काढता थांबला. "मी अजून काही बोललो नव्हतो."

"तुझ्या..."

"माहितीये मला," तो म्हणाला. "चेहऱ्यावर दिसलं."

मग तो तोंड फिरवून बोलू लागला. जेवताना ताट घेऊन खिडकीकडे बसायचा. भांडी घासताना पाठ तिच्याकडे. एका ढगाळ संध्याकाळी तो घरात आला तो काळा चष्मा लावूनच.

"उन्हाचा त्रास होतोय," तो म्हणाला.

त्याच्या गळ्याकडे बघून केतकीला सगळं कळलं होतं.

"निनाद, एक विचारू? मी लग्नाला हो म्हटलं, ते कुणी म्हटलं होतं?"

तो खुर्चीत बसला. "त्या दिवशी मला भयंकर भीती वाटत होती की तू नाही म्हणशील. आणि तू हो म्हणावंस असं इतकं वाटत होतं की घसा सुकला होता."

"मग?"

"मग मला कसं माहीत असणार, केतकी?" त्याने चष्मा तसाच ठेवून डोळे चोळायचा प्रयत्न केला. "मी दिवसभर न बोलणाऱ्या जनावरांचं दुखणं ओळखतो. पण त्यांना नको असेल तर ती तोंड फिरवून उभी राहतात. मला तर माझ्याच घरात फिरवायला तोंड उरलं नाही. तुझ्याबद्दल वाईट काही मनात येतं, ते मी विसरून जाण्याआधी तुला कळलेलं असतं. काही दिवस मला कुणी बघत नसताना विचार करू दे."

तो जयसिंगपूरला दूध संघाच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला.

घर रिकामं झालं. पहिल्या दुपारी केतकीने फ्रिज उघडला आणि ती त्याच्यासमोर उभी राहिली. भूक लागली होती. पण काय खावंसं वाटतंय ते कळेना. भाजी होती, दही होतं, आदल्या दिवशीचा भात होता. कुठल्याच गोष्टीसाठी आतून हाक आली नाही. आयुष्यात ती एकटी अशी कधी राहिलीच नव्हती. आई-वडिलांकडून शिबिरात, शिबिरातून स्पर्धांना, तिथून निनादकडे. फ्रिज पिप् पिप् करू लागला, तरी ती उभीच होती.

तिने पट मांडला आणि पांढऱ्याच्या बाजूने बसली. एक खेळी, कुठलीही. बाहेर रिक्षा गेली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. पटावर प्रकाश सरकत गेला. आत कुणी नव्हतं. वाईटही वाटेना. वाईट वाटून घ्यायलाही समोर कुणीतरी लागत होतं.

ऊन उतरल्यावर तिने पर्णिकाला फोन केला.

"एक उपाय आहे," पर्णिका म्हणाली. "चेहरे वाचणारा जो भाग आहे, त्याने तुझ्या शोधणाऱ्या भागाला कधी वाढूच दिलं नाही. उत्तर आयतं मिळत असेल तर शोधेल कोण? बाहेरून चुंबकाचे झटके देऊन आपण पहिला भाग मंद करू शकतो. दुखत नाही. मग दुसऱ्याला कदाचित जाग येईल."

"आणि पहिला परत सुरू होईल?"

"नाही सांगता येत. कुणाच्या मनात काय आहे हे साधारण माणसाला जेवढं कळतं, तेवढंही तुला कदाचित कळणार नाही."

तिने हे कळवल्यावर निनाद स्वतःहून आला आणि तिला गाडीने पुण्याला घेऊन गेला. पर्णिकाच्या प्रयोगशाळेच्या दारात त्याने चष्मा काढला.

"तुझं तू ठरव," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत होती. त्याला हे हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, आणि तसं हवं असल्याची त्याला शरमही होती. त्याच क्षणी तिच्या मनात एक स्वच्छ, पक्कं 'हो' उमटलं. काही शंका उरली नाही. ती ते बोलणार, इतक्यात तिच्या लक्षात आलं की आजवरची प्रत्येक खेळी अशीच आली होती.

तिने चटकन नजर खाली वळवली. "मला आत एकटीला बसू दे," ती दार उघडून उभ्या असलेल्या पर्णिकाला म्हणाली. "पट्टी बांध. पण तूही समोर थांबू नकोस."

केबिनला खिडकी नव्हती. भिंती राखाडी, एक खुर्ची, डोक्यावर दिवा. दार लागल्यावर निनादचं 'हो' हळूहळू विरत गेलं आणि काहीच उरलं नाही. फ्रिजसमोर होतं तेच. तिला ओरडून दार उघडायला सांगावंसं वाटलं. कुणाचाही चेहरा चालला असता, शिपायाचासुद्धा. ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिली.

मग कधीतरी तिने नुसती एक कल्पना केली. उपाय केला तर? आई समोर बसलीय आणि तिला काय हवं ते कळत नाहीये. बरं, मग? मग विचारावं लागेल. आई खोटं बोलली तर? तर खोट्यावर चालावं लागेल. ती परत फिरली. उपाय नाही केला तर? निनाद काळ्या चष्म्यात म्हातारा होतोय. किंवा निनाद नाहीच, दुसरं कुणीतरी आहे, आणि ती त्या दुसऱ्यासारखी झालीय. आणि कुणीच नसेल त्या दिवशी ती फ्रिजसमोर उभी आहे. ती पुन्हा परत फिरली. फार हळू चाललं होतं सगळं. दर वेळी मागची वाट विसरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. डोकं दुखायला लागलं. असं डोकं तिचं कधी दुखलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा तिने मान खाली घातली होती. कुणाचाही चेहरा दिसू नये म्हणून ती फरशीकडे बघत बोलली.

"करा."

पर्णिकाच्या हातात आलेख होता. "ही शोधाची खूण," ती म्हणाली. "वेडीवाकडी आहे. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. हे तुझं तूच ठरवलंयस."

उपचार काही आठवडे चालले. कानाच्या वर एक चकती धरायची आणि ती टकटक वाजायची, एवढंच. जगात काही बदललं असं सुरुवातीला केतकीला वाटलं नाही. मग पुण्याच्या रस्त्यावरची माणसं हळूहळू गप्प होऊ लागली. ती आधीही बोलत नव्हतीच, पण आता ती खरोखर गप्प होती. बसमध्ये समोर बसलेल्या बाईचे डोळे भरून आले होते आणि ते कशाने, हे केतकीला कळेना. ती दोन थांबे आधीच उतरली.

त्या वर्षअखेरीस कोल्हापूरला एक साधी खुली स्पर्धा होती. तिथेही केबिनच होत्या. केतकीचा पहिला डाव कराडच्या एका कॉलेजातल्या मुलीशी होता. केतकी फार वेळ घेत होती. एका जागी तिला बाजूचं प्यादं एक घर पुढे ढकलावंसं वाटलं. ही वाट बघितली, ती बघितली, परत आली. पुन्हा गेली. शेवटी तिने ते ढकललं. काही भारी खेळी नव्हती ती. संगणकाने ती चूक ठरवली असती, आणि ती चूकच होती. थोड्या वेळाने त्याच प्याद्यामुळे तिचा डाव गेला. केबिनच्या राखाडी भिंतीकडे बघत केतकी बसून राहिली. हे प्यादं तिला कुणीही दिलं नव्हतं.

निनाद बाहेरच्या व्हरांड्यात उभा होता. चष्मा नव्हता. तो हसत होता, किंवा निदान तोंड तरी तसं दिसत होतं. केतकीने त्याच्याकडे पाहिलं. डोळे, कपाळ, गळा, सगळं जागच्या जागी होतं आणि त्यातून काहीही येत नव्हतं. अनोळखी गल्लीतल्या घराच्या लावलेल्या खिडक्यांकडे बघावं तसं झालं तिला. या माणसाबरोबर आपण एका घरात राहतो. त्याच्या मनात आत्ता काहीही असू शकतं.

"हरले," ती म्हणाली.

"कळलं."

मग तिला एक विचारावंसं वाटलं. असा प्रश्न तिने आजवर कुणालाच विचारला नव्हता, त्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागला.

"तुला वाईट वाटलं?"

निनादलाही सवय नव्हती. उत्तर आता त्याने दिल्याशिवाय तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "खरंच नाही."

ती त्याच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तो खरं बोलतोय की खोटं, हे कळायचा कुठलाच मार्ग नव्हता. शेवटी तिने ते खरं मानायचं ठरवलं.